सलीलने घेतलेलं नाव

कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या त्या ऑफिसात सातव्या मजल्याच्या जिन्यात सहसा कुणी फिरकत नसे, म्हणून ऋता रडायला तिथे जायची.

"देवा, आज तरी सरांचं लक्ष दुसरीकडे जाऊ दे..." ती पुटपुटली.

"फक्त माझ्याकडे नको," वरच्या पायरीवरून कुणीतरी मराठीत म्हणालं.

तो सलील. नागपूरचा, त्याच दिवशी तिच्या टीममध्ये रुजू झालेला. कित्येक महिन्यांनी तिला हसू फुटलं.

मग जिना दोघांचा झाला. तो खालून मातीच्या भांड्यातला चहा आणायचा.

"रोज चहा? लाच आहे का?"

"हो. तू हसावंस म्हणून."

"आणि नाही हसले तर?"

"तर... उद्या पुन्हा आणीन."

पण मीटिंगमध्ये टीमचे बॉस शंतनू सर तिचा रिपोर्ट सगळ्यांदेखत मोठ्याने वाचायचे, वर विचारायचे, "डोकं घरी ठेवून येतेस?" साधा मेलही ती दहादा वाचू लागली, आणि तरी चुकू लागली. डबा तसाच परत जाऊ लागला. डमडमच्या घरी आईने विचारलं की म्हणायची, "काही नाही गं." सलीलने हात हातात घेतला की तेवढ्यापुरता सरांचा आवाज कानांतून जायचा.

एका शुक्रवारी क्लायंटकडे चुकीची फाईल गेली. पाठवली होती सलीलने.

"कुणी पाठवली?" सरांनी त्यालाच विचारलं.

सलीलचा चेहरा पांढराफटक पडला. खाली बघत तो म्हणाला, "ऋताने."

ती संध्याकाळी राजीनामा देऊन निघाली, तेव्हा तो बसस्टॉपवर धावत आला.

"तोंडून कसं निघालं, कळलंच नाही... ऋता, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे."

"मग जाऊ नकोस ना."

"तू नाव घेतलंस ना, तेव्हा मला रागसुद्धा आला नाही रे. वाटलं—खरंच मीच पाठवली असेल. इतकीच उरलेय मी."

"मी सोमवारी सरांना खरं सांगतो."

"सांगशील?"

तो बुटांकडे बघत राहिला. बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. खाली त्याचा फोन वाजला. त्याने लगबगीने उचलला, मान आपोआप झुकली... आणि काचेआडूनही ते 'येस सर' तिला ओळखता आलं.