छत्तीस वॉल्व्ह

शेअर रिक्षा जळगाव स्टेशनवरून एमआयडीसीकडे निघाली आणि बाजूनं पाऊस आत येऊ लागला. शेजारच्या तरुणानं कडेची जागा घेतली, मला आत सरकू दिलं. स्वतः भिजला, पण मांडीवरचा डबा कोरडा ठेवला.

"एवढं जपून काय नेताय?" मी विचारलं.

त्यानं डबा उघडून एक वस्तू माझ्या तळहातावर ठेवली.

"इंजिनाचा वॉल्व्ह... पण वजन कुठं गेलं याचं?"

तो हसला. "टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे. पोलादाच्या निम्म्या वजनाचा. तुम्हाला कसं कळलं?"

"आजपासून हेच तपासायची नोकरी आहे माझी."

दोघं एकाच कारखान्याच्या फाटकाशी उतरलो. तो हितेंद्र, दोंडाईचाचा, ओतकामाच्या भट्टीवर. मी नूतन, भुसावळची. मग रोज तो स्वतःच ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी येऊ लागला.

"आज तरी पास करा, मॅडम."

"कोणाला... वॉल्व्हला?"

आणि दोघंही उगाच ट्रेकडे बघत राहायचो.

महिन्याभरानं ग्राहकाला पाठवायचे पहिले छत्तीस वॉल्व्ह आले. मी लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पावडर फवारली. प्रत्येकाच्या मानेवर केसाएवढी लाल रेघ उमटली. तडे. हितेंद्रची चार महिन्यांची मेहनत होती ती. तरी मी छत्तीसही नापास केले.

आठ दिवस तो फिरकला नाही. शेवटी मीच भट्टीकडे गेले.

"राग आलाय?"

"तुमच्यावर नाही. चालत्या इंजिनात तुटले असते तर... पण साहेब म्हणतात, आता एकच संधी. नाहीतर हे काम बंद."

मी कागद पुढे केला. एकेक तडा मी त्यावर रेखाटून आणला होता. "सगळे एकाच जागी आहेत. वॉल्व्ह फार लवकर थंड होतायत का?"

तो आधी कागदाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

पुढची खेप त्यानं बंद भट्टीतच हळूहळू निवू दिली. तपासणीला तो माझ्यामागे उभा होता. पावडरीवर एकही रेघ नाही. शेवटचा वॉल्व्ह मी खाली ठेवला, तोच मागून हलक्या आवाजात अहिराणी आली — "नूतन, मनासंगे लगीन करशी का?"

मी कागदावर पासचा शिक्का मारला.

"मले काय इचारता," मीही माझ्या बोलीवर आले, "माह्यं त कवाचंच ठरेल हाये. रविवारी घरी माह्या आबाले भेटाले या."

आईवडिलांना घेऊन यायला दोंडाईचाहून भुसावळला सकाळी पहिली गाडी कोणती, ते तो तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर बघू लागला.