हजार बायकांचा पट्टा

हसून घ्या पोट्टेहो, हसून घ्या. हे जगदेव तं सगळ्यात जास्त दात काढून राह्यलं. मेलेल्या मानसाच्या अंगावरचं घेतलं तं काय होते, म्हनून मलेच विचारते! बस इथं शेकोटीजवळ. खळ्यातली जवारी कुठं पळून नाई चालली. सांगतो. अन् ऐकीव नाई, माही बंडी होती त्यात, माहे बैल होते.

तीन वर्सं झाली. सेहेचाळीस साल, भोगीचा दिवस, उद्या संक्रांत. दुपारी हरिसिंग आला बंडी मागाले. तांड्यावरचा हरिसिंग, फौजेत खेचरं हाकाले बरम्यात गेलता, मधात होळीले सुट्टीवर येऊन गेला, लढाई सरली तसा परत आलता. बायको गोजरा मानोऱ्याकडे माहेरी बाळंत झालती. तिले अन् पोराले घरी आनाचं होतं. पहिली दोन लेकरं पाळन्यातच गेलेली. हे तिसरं.

"पुंजाजीभाऊ, संक्रांतीले पोरगं आपल्या घरी पाह्यजे," म्हने.

म्या बंडी देल्ली. मानूस मले पसंत नोता, खोटं कायले बोलू? फौजेतून आला तशी जबान लय चाले त्याची. मुडद्यायच्या गोष्टी सांगे अन् लोकायचा चहा पिये. पन लेकरासाठी मागत होता, नाई कसं म्हनाव?

बरम्यातली लढाई जपान्यायसंगं होती. तुमाले जपान काय ठाऊक? लढाईच्या पहिले कारंज्याच्या बाजारात जपानी माल ढिगानं ये. आरसे, कंगवे, पोराइची खेळनी. सस्ता माल, घरी आनेपरेंत मोडे. आमी शिव्या देत देत तोच घेओ. आपला कापूस तिकडे जाये म्हनत. पन तिथं कशी मानसं राह्यतात, कोनी विचारलं नाई. हरिसिंगनं त्यायले पाह्यलं ते मारतानी, नाई तं मेल्यावर.

तं झालं असं, गोजरानंच मंग मले सांगतलं. दिवस बुडाल्यावर बंडी मानोऱ्याकडून निघाली. दशमीचं चांदनं होतं. थंडी अशी का बैलायच्या नाकातून वाफ निघे. हरिसिंग पुढं, गोजरा मांगं कडब्यावर, पोराले पोटाशी धरून. पोराच्या डोक्यावर नवं टोपडं, लाल टाक्यायनं गच्च भरलेलं. तांड्यावरच्या बाया सुई धरतात तं पाहात राहाव, अन् गोजरा त्यात पहिल्या नंबरची.

"साजरं शिवलं वो," हरिसिंग म्हने.

"दोरा तुमीच देल्ला ना."

तेव्हा कंट्रोल होता. कपडा नाई, दोरा नाई. दिवाळीले तो सासरी गेला तेव्हा गोजरानं लाल दोरा मागतला होता. यानं फौजेच्या पेटीतून पांढरा पट्टा काढून देल्ला, कमरेले बांधाचा. त्याच्यावर लाल दोऱ्याच्या गाठीच गाठी, वळीनं मारलेल्या. म्हने, उसव अन् वापर.

गोजरानं टोपड्याच्या टाक्यायवरून बोट फिरवलं. मंग म्हने, "एक सांगू? तो पट्टा एका हातचा नोता. मी उसवत जाओ अन् मले समजे. एक गाठ घट्ट, दुसरी ढिली. एक म्हातारीची, हात कापत होता तिचा. एक तं लहान्या पोरीची, सुई चुकून दोनदा टोचलेली. तेवढी म्या राहू देल्ली, जीव नाई झाला. बाकी सगळ्या काढल्या. किती बाया होत्या वो त्या?"

"हजार," हरिसिंग म्हने.

"काय?"

"आमच्या दुभाष्यानं सांगतलं. जपानात पोरगा लढाईले निघाला का त्याची माय रस्त्यात उभी राह्यते, हे फडकं घेऊन. येनाऱ्याजानाऱ्या हर बाईले म्हनते, एक गाठ मारून दे. एका बाईची एकच गाठ. हजार झाल्या का पोराच्या पोटाले बांधते. मंग त्याले गोळी लागत नाई म्हने. लागली ना पन!"

अन् हसला.

गोजरा नाई हसली. तिनं विचारलं, "मेल्यावर काढला ना तुमी?"

आता हे आयका. याच्यावर सगळं आहे. आपल्या इथं मेलेल्याचा करदोडा कापतात, कारन त्याचं इथलं सरलं. जित्याच्या कमरेले कोनी हात लावत नाई. ते हरिसिंगले मालूम नोतं का? चांगलं मालूम होतं.

तो म्हने, "झाडाखाली पडला होता. मेलाच समजलो. पट्टा सोडाले गेलो तं दोन्ही हातानं धरला."

"मंग?"

"मंग काय... ओढून घेतला."

"जिता होता?"

"होता थोडासा."

ते थोडासा मले आजही लागते. लेकाच्या, थोडासा जिता म्हंजे काय असते?

गोजरानं पोराले आखीन पोटाशी घेतलं. बंडी चालत राह्यली. पळसाचा बन आला, तिथं रस्ता नाल्यात उतरते. उतारावर बैल उभे राह्यले. हाकलले. हालले नाई. शेपट्या पिरगाळल्या. नाई.

समोर बाई उभी होती.

ठेंगनी. मधोमध रस्त्यात. हरिसिंगले वाटलं जवळच्या तांड्यावरची असन. "कोन वो? बाजूले हो, लेकरू आहे बंडीत." ती हालली नाई. तिनं हात पुढं केला. पैशासाठी करतात तसा नाई. दोन बोटं जुळवलेली... सुई धराव तशी.

मांगून गोजरा म्हने, "टोपड्याले कोन ओढते?"

कोनीच नोतं. पन टोपड्यातला एक टाका सर्रकन निघाला. लाल दोरा हवेत गेला अन् दिसेनासा झाला. बाई बाजूले झाली. तिच्या मांगं दुसरी. तिचाही हात तसाच. दुसरा टाका निघाला. मंग तिसरी. मंग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर पाह्यलं तं... दोन्ही अंगाले. नाल्यापरेंत. नाल्याच्या पलीकडे. बायाच बाया.

आवाज नाई. एक बांगडी वाजली नाई.

पोरगं रडाले लागलं. हर टाक्यासंगं त्याचा आवाज बारीक होत गेला. गोजरानं टोपडं काढून फेकलं. टोपडं खाली पडलं, तं पांढरं फट. एक दोरा नाई त्याच्यात. बाया तरी येतच होत्या. बोटं आता पोराकडं.

पोरगं चूप झालं.

"थंडं पडून राह्यलं!" गोजरा वरडली. "अवो, थंडं पडून राह्यलं माहं लेकरू! नेऊन राह्यल्या त्या याले!"

हरिसिंगनं बंडीतून उडी मारली. शिवी हासडली, फौजेतली. काठी फिरवली. काठी कोनालेच लागली नाई. मंग त्यानं काठी टाकली, छातीवर हात मारला.

"पट्टा म्या घेतला! त्यानं धरला होता, म्या ओढला! मले विचारा! पोराले नाई... मले!"

आयुष्यात तेवढं एक खरं बोलला तो. अन् मले तो पसंत नोता, तरी हे कबूल कराव लागते.

बाया त्याच्याकडं वळल्या. सगळ्या. गोल झाला. तो दिसेना.

गोजरा सांगे, काईच आयकू नाई आलं. फक्त... कपड्यातून सुई जाते ना, तेवढा आवाज. लय वेळ.

मंग पोरगं रडलं. मोठ्यानं. बैल आपल्या मनानं चालाले लागले. हरिसिंग येऊन बसला. पोटावर दोन्ही हात. घर येईपरेंत ते काढले नाई.

सकाळी तिळगूळ घेऊन मी बंडी आनाले तांड्यावर गेलो, तं अंगनात मानसं उभी. झुंजुरकाच, दिवस निंघाच्या पहिलेच हरिसिंग गेला होता. न्हाऊ घातलं. त्याचा भाऊ लखीराम करदोडा कापाले चाकू घेऊन वाकला, अन् तसाच राह्यला.

"पुंजाजीभाऊ... इकडे या."

मी गेलो. करदोडा नोताच. कमरेभोवती कातडीत लाल गाठी. दोऱ्याच्या. वळीनं. रगत नाई, सूज नाई. एक घट्ट, दुसरी ढिली. सगळ्या कमरेवर. फक्त बेंबीच्या डाव्या अंगाले एक जागा मोकळी.

गोजरा आली. पोरगं छातीशी, जितं, बोट चोखत होतं. तिनं गठुड्यातून तो उसवलेला पट्टा काढला अन् त्याच्या कमरेवर ठेवला. राहू देलेली ती लहान्या पोरीची गाठ बरोबर त्या मोकळ्या जागेवर आली.

तिनं पट्टा उचलला. म्या वाकून पाह्यलं. तिथं दोरा नोता.

सुई मात्र टोचलेली होती. दोनदा.