पाच मिनिटं गप्प

"पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला टेकलेली आणि तोंड बंद. पेशंटचंही आणि तुझंही. पाच मिनिटं झाल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही."

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी शिकवताना दिलेली ही ताकीद तिने नेमासारखी पाळली होती. बीपी मोजायला आलेल्या माणसाला ती आधी शांत बसवायची. त्यामुळे इस्पितळात तिचं नावच पडलं होतं, 'गप्प मॅडम'. हृदयाचा आजार घरात शिरण्याआधीच त्याला उंबऱ्यावर अडवायचं, हे डॉक्टर म्हणून तिचं काम. मिळालेली खोली एवढीशी, पण तिचा फार जीव होता त्या खोलीवर.

त्या दुपारी बाहेर रिपरिप चालली होती. समोर एक निवृत्त मास्तर डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"मॅडम, एकच मिनिट हं, फक्त ही भिंत—"

हातात मोजपट्टी, केस भिजलेले... दारात तो उभा होता. बंद पडलेल्या रक्तवाहिन्या उघडणारा डॉक्टर. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत पळायचा, म्हणून सगळे त्याला 'तुफान' म्हणत. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेनेच रिकामी खुर्ची दाखवली.

आणि तुफान चक्क बसलं!

त्याने खिडकीवरचे थेंब पाहिले. छत पाहिलं. मग पाहण्यासारखं काही उरेना, तेव्हा तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्या झाल्याच.

मास्तर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "आता बोलू?"

"बोला."

"तुम्ही रोज माणसांना असं गप्प करता?"

"जी आपणहून होत नाहीत, त्यांनाच." ती हसली. "पण भिंत कशाला मोजताय?"

त्याचा चेहरा पडला. "अँजिओप्लास्टीसाठी दुसरी कॅथलॅब होतेय ना... इथे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं. खोली गेली की काम गेलं. पण रडायचं तर याच्यासमोर नक्कीच नाही. ती आवाज सांभाळून म्हणाली, "इतका वेळ शांत बसलाच आहात, तर हात पुढे करा."

त्याने गंमत म्हणून हात पुढे केला. आकडा पाहून तिने दंडावरची पट्टी सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्यांदाही एकशे सत्तरवर शंभर.

"समोर तुम्ही बसलात," तो डोळे मिचकावत म्हणाला, "मग चढणारच की!"

"असं? मग मी जाते."

तिने मोजायला सिस्टरना बोलावलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने सिस्टरच दार उघडून म्हणाल्या, "जराही उतरलं नाही, मॅडम. आणि साहेबांचं सगळं लक्ष दाराकडे!"

त्याचं हसू मावळलं होतं. "मला काही होत नाही हो. डोकंसुद्धा दुखत नाही."

"कुणालाच काही होत नाही. एक दिवस होईपर्यंत. शेवटचं कधी मोजलं होतं?"

"कॉलेजात... बहुतेक."

"रोज दुसऱ्यांच्या हृदयात तार घालता, आणि स्वतःचं बीपी माहीत नाही?"

तो मोजपट्टी उलगडत-गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "बाबा असेच गेले. हसता-बोलता. तेव्हा ठरवलं होतं की जरा जरी धुगधुगी असली, तरी माणूस जाऊ द्यायचा नाही. म्हणून तर पळत असतो."

तिला एकदम भरून आलं. "मोठ्या बाईंना दाखवा. आजच. मी नाही तपासणार तुम्हाला."

"का? भिंत मोजली म्हणून?"

"कारण... नंतर सांगेन."

मग तो रोज संध्याकाळी दारात डोकावू लागला. "आज मिठाचा डबा आईने लपवला हं!" "आज जिना चालत उतरलो, शिपाई घाबरून विचारतो, बरं आहे ना?" ती हसायची. आणि तो गेल्यावर खोली उगाच मोठी वाटायची.

खोलीचं ठरवायला विश्वस्तांची बैठक भरली. अध्यक्ष काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ, राग मानू नकोस. पण या खोलीने किती जीव वाचवले, ते सांग."

"नाही सांगता येत, काका," ती शांतपणे म्हणाली. "ज्याला झटका आलाच नाही, तो आभार मानायला कशाला येईल? तो आत्ता घरी नातवंडांशी भांडत असेल. मला त्याचं ते भांडण राखायचंय. त्यासाठी ही खोली तर हवीच, शेजारचीही हवी. आणि जोडीला आणखी एक डॉक्टर."

खोली वाचवायला आलेली पोरगी दुसरीही मागते? काका शेजारी बसलेल्या तुफानाकडे वळले. "तुमची लॅब आहे. तुम्ही बोला."

तो उठला. "मी भिंत मोजायला गेलो होतो. मॅडमनी मला मोजलं. नसतं मोजलं, तर एखाद दिवशी मीच माझ्या टेबलावर आडवा असतो. लॅब तळमजल्यावर होईल, पाहून आलोय. यांना दोन्ही खोल्या द्या."

काकांनी घसा खाकरला, आणि आपल्या बाहीचं बटण काढत विचारलं, "पोरी... माझंही बघतेस का गं?"

सगळे हसले, आणि तिथेच सगळं ठरलं. दोन्ही खोल्या, वर एक डॉक्टर! तिने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

बाहेर व्हरांड्यात तो वाट अडवून उभा होता. "माझं उत्तर राहिलंय. मला तपासणार का नव्हता?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "डॉक्टरने आपल्या पेशंटवर... जीव जडू द्यायचा नसतो."

"आणि आता मी पेशंट मोठ्या बाईंचा—"

"म्हणून तर."

तुफान वाटेतून बाजूला झालं. मग तो म्हणाला, "बाईंनी सकाळी चालायला सांगितलंय. एकट्याने कंटाळा येतो. याल... रोज?"

सगळ्या गावाला चालायला लावणारी ती स्वतः मात्र सूर्य वर आल्याशिवाय अंथरूण सोडत नसे. तरीही म्हणाली, "येईन. वचन."

दुसऱ्या दिवशी, जेमतेम उजाडत असताना, ती चपला हातात घेऊन पावलं न वाजवता बाहेरच्या खोलीत आली. पांघरुणातून आईचा आवाज आला, "एवढ्या सकाळी कुठे गं?"

"चालायला."

"तू?"

आईला हसू फुटायच्या आत तिने कडी हळूच काढली आणि ओल्या रस्त्यावर पाऊल टाकलं.