पाठकोरा कागद

आप्पांच्या घरातून एकही कागद सुखासुखी छापून बाहेर पडत नसे.

कर्वेनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये प्रिंटर एकच, आणि तोही आतल्या खोलीत, आप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला. बाहेर जेवणाच्या टेबलावर त्यांच्या बायकोचा, प्रेमलाताईंचा लॅपटॉप. त्यांनी प्रिंट दिली की ती घरच्या नेटवर्कवरून आधी आप्पांच्या कॉम्प्युटरवर जाई आणि रांगेत उभी राही. उभीच राही, कारण आप्पांनी प्रिंटर कायमचा थांबवून ठेवलेला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात ज्यांची हयात गेली, ज्यांच्या हातून सहीशिवाय खिळा सुटला नाही, ते कागद कसा सोडतील? आधी पडद्यावर पान वाचायचं, मग आतूनच विचारायचं, "शेवटच्या पानावर दोनच ओळी आहेत. त्या वर घेतल्या तर आभाळ कोसळेल का?" ओळी वर गेल्या की रांग सुटे. ट्रेमध्ये एका बाजूने वापरलेले, पाठकोरे कागद. कुणी कागद चुरगाळून टोपलीत टाकलाच, तर आप्पा तो काढत, मांडीवर ठेवून तळहाताने इस्त्री करत आणि पुन्हा ट्रेमध्ये घालत. चष्मा सापडला नाही तर कुणाला विचारणं हा कमीपणा; पडद्यावरची अक्षरं वाढवत वाढवत मुंगीचा हत्ती करायचे आणि वाचायचे.

मार्गशीर्षात आप्पा गेले. आतल्या खोलीत त्यांची खुर्ची राहिली, चष्म्याची डबी राहिली आणि प्रिंटर राहिला.

विक्रम हा त्यांचा एकुलता एक. राहायला बाणेरला. पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर कॉम्प्युटरची नेटवर्कं दुरुस्त करणं. मोठमोठ्या ऑफिसांचे मजलेच्या मजले याच्या एका फोनवर चालू होतात, आणि घरची दारावरची बेल दिवाळीपासून बंद आहे, असं त्याची बायको ऋतुजा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आप्पा गेल्यावर त्याने सगळं चोख केलं. पेन्शनचं आईच्या नावावर केलं, गॅसचं केलं, दहावं-तेरावं केलं. रडणं तेवढं राहून गेलं. दर रविवारी तो आईकडे येई, गोळ्या घेतल्यास का विचारी, फ्रिज उघडून बघे आणि जाई.

त्या रविवारी सकाळी लेकीचा निरोप आला. शाळेचा पक्ष्यांचा प्रकल्प, घरच्या प्रिंटरची शाई संपलेली, आजीकडून छापून आण. विक्रमने आईच्या लॅपटॉपवरून प्रिंट दिली. एका पानावर एक पक्षी, रंगीत, ऐसपैस. आतून काही आवाज आला नाही.

"आई, प्रिंटर बिघडलाय गं."

"बिघडला नाही," प्रेमलाताई मेथी निवडत म्हणाल्या. "एका पानावर एक पक्षी? तो नाही यायचा."

विक्रमने आत जाऊन पाहिलं. कॉम्प्युटर चालू होता; सकाळी देवापाशी दिवा लावला की त्या हाही लावत. पडद्यावर रांग, रांगेत त्याचे पक्षी आणि वर एकच शब्द: 'पॉज्ड'. त्याला हसू आलं. गेलेल्या माणसाने लावलेलं कुलूप कुणी काढलंच नव्हतं.

"अगं, आप्पांनी थांबवलेलाच आहे अजून. मग तुझी कोडी कशी छापतेस तू?"

प्रेमलाताई सोसायटीच्या फळ्यावर रोज एक शब्दकोडं लावत. स्वतः रचलेलं. आप्पा ते आधी सोडवत आणि मगच सोडत.

"रोजच्यासारखी," त्या म्हणाल्या. "देते आणि थांबते. बरोबर असेल तर येतं."

"आणि चुकलं असेल तर?"

"तर नाही येत. मग मी चूक शोधते. सापडली की परत देते, मग येतं." मेथीची काडी बाजूला ठेवून त्यांनी वर पाहिलं. "असा बघू नकोस माझ्याकडे. मला वेड लागलेलं नाही. मी एवढंच सांगते, की येतं."

असल्या बाबतीत विक्रमचा हिशोब सरळ होता. थांबवलेला प्रिंटर छापत नाही. छापत असेल तर कुणीतरी तो सुरू करतं. घरात माणूस एक. म्हणजे आईच आत येऊन बटण दाबते आणि विसरते. हे त्याला भुताखेतापेक्षा जास्त भीतीचं वाटलं.

त्याने आईला आजचं कोडं द्यायला सांगितलं आणि स्वतः आतल्या खुर्चीत जाऊन बसला. दार उघडं. तिथून टेबलाशी बसलेली आई दिसत होती, तिचे हात दिसत होते. माऊस त्याने पालथा करून ठेवला.

"दिलं," बाहेरून आवाज आला.

रांगेत एक ओळ वाढली. खाली कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला. कुकरची शिट्टी झाली. काही घडलं नाही.

"आलं का?"

"नाही. येणार नाही. थांबवलाय, आई."

"मग चुकलं असेल. बघते." चष्मा पुसल्याचा, मग बारीक पुटपुटल्याचा आवाज. "हां. उभ्या चारला घरं तीन दिलीत आणि शब्द दोन अक्षरी आहे. दुरुस्त केलं. आता देते."

दुसरी ओळ वाढली. विक्रम पडद्याकडे बघत होता. वर 'पॉज्ड'च होतं.

आधी खुर्चीची पाठ किंचित मागे झुकली. आपणच रेललो असू, असं त्याला वाटलं. पण तो पुढे वाकून बसला होता. मग प्रिंटरने कागद ओढला.

उभ्या चारला दोन घरं असलेलं कोडं बाहेर आलं. पहिलं, चुकीचं, रांगेतून नाहीसं झालं. पक्षी तिथेच. आणि वर अजूनही 'पॉज्ड'.

"आलं ना?" प्रेमलाताईंनी विचारलं. त्या आवाजात इतका साधा आनंद होता, की विक्रमला तो ऐकवेना.

त्याने केबल तपासल्या, सेटिंगं तपासली, शेजारचं कुणी नेटवर्कवर आहे का पाहिलं. काही सापडलं नाही. आणि ज्याला काही सापडत नाही असा तंत्रज्ञ जे करतो, तेच त्याने केलं: सगळं पुसून नव्याने मांडलं. आप्पांच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला. प्रिंटर थेट वायफायला जोडला. ट्रेमधले पाठकोरे कागद काढून ठेवले आणि कपाटातले कोरे घातले. चाचणीचं पान छापून पाहिलं, पटकन आलं. ते चुरगाळून त्याने टोपलीत टाकलं.

"आता कुणाची वाट बघायला नको, आई. दे बघू काहीतरी."

प्रेमलाताईंनी उद्याचं कोडं दिलं. क्षणात छापून आलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि उभ्या उभ्याच, बोटाने घरं मोजत, वाचलं. बोट मध्येच थांबलं.

"आडवा सात चुकलाय," त्या म्हणाल्या.

"मग दुरुस्त करून परत दे."

"चुकला होता, विकी. तरी आला."

त्यांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. विक्रम जेवला. मेथी झकास झाली होती, असं तो म्हणाला. त्या हो म्हणाल्या. निघताना फ्रिज उघडून बघायचं मात्र तो विसरला, आणि पक्षी छापायचेही.

वाटेत त्याने शाई घेतली. संध्याकाळी बाणेरच्या घरी, ऋतुजा आणि लेक बाजारात गेलेल्या असताना, त्याने नव्या कागदाचा गठ्ठा फोडून ट्रेमध्ये घातला आणि पक्ष्यांची प्रिंट दिली.

प्रिंटर हलला नाही.

पडद्यावर रांग उघडली. वर 'पॉज्ड'.

हा प्रिंटर त्याने कधी थांबवला नव्हता. त्याने तो सुरू केला. शब्द गेला आणि परत आला. पुन्हा सुरू केला. पुन्हा आला. घाई नाही, राग नाही. कुणी रोजच्या सवयीने दाराला कडी घालावी तसा.

मग शाळेत असताना जे मुकाट्याने करायचा, ते त्याने केलं. एका पानावर चार पक्षी बसवले. मथळा बारीक केला. शेवटच्या पानावरच्या दोन ओळी वर घेतल्या.

"आता चालेल का, आप्पा?" तो म्हणाला. म्हणायचं नव्हतं, तरी म्हणाला, आणि मार्गशीर्षापासून राहून गेलेलं रडू त्याला तिथे, बाणेरच्या खुर्चीत आलं.

प्रिंटरने कागद ओढला.

पान गरम होतं. चार पक्षी, नीट. पण कागद गुळगुळीत लागेना. बोटांखाली बारीक बारीक रेघा. त्याने तो उलटा केला.

मागे चाचणीचं पान छापलेलं होतं. सकाळचं, कर्वेनगरचं. सगळ्या सुरकुत्या तळहाताने दाबून सरळ केलेल्या.

फोन वाजला. आई.

"विकी, जेवलास का रे?"

"अजून नाही. तू?"

"इकडे सगळं पटापट येतंय. मुद्दाम चुकीचं दिलं, तेही आलं. दुपारभर देत होते. तुझ्याकडे काही थांबतंय का रे?"

नाही म्हणायचं त्याने ठरवलं होतं. हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं झालं. म्हणजे आहेत."

"आई, मी आत्ता येतो. सगळं पहिल्यासारखं जोडून देतो."

"होईल?"

मजलेच्या मजले चालू करणारा माणूस हातातलं पान उलटसुलट करत राहिला.

"असू दे," प्रेमलाताई म्हणाल्या. "रात्रीचा गाडी चालवत येऊ नकोस. मी कोडी आता हातानेच लिहीन. फक्त एक आहे, त्यांचा चष्मा इथेच राहिलाय रे. डबीत. बिनचष्म्याचं काही दिसायचं नाही त्यांना, आणि मागायचे नाहीत."

विक्रमने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. त्याचा हात टेबलावर नव्हता, माऊस लांब होता.

समोर पडद्यावरची अक्षरं हळूहळू मोठी होत होती.