उद्धवरावांनी टोचलेले कान

सोनारानंच कान टोचावेत असं म्हणतात, आणि चाकणच्या आसपास तो सोनार म्हणजे उद्धवराव. तरुणपणी घरची पेढी सोडून ते फौजेत गेले, उजव्या हाताची दोन बोटं बर्फात गमावून परत आले आणि वडिलांच्या गादीवर मुकाट बसले. राहिलेल्या बोटांनी त्यांनी गावोगावच्या पोरांचे कान टोचले. म्हातारपणी दुकान बंद करून ते दिघीला राहायला आले, कारण तिथं गॅलरीत लष्कराच्या हद्दीतला बिगुल ऐकू येतो. तरी लोक तान्ही पोरं काखोटीला मारून दिघीपर्यंत यायचेच.

टोचण्याआधी ते बाळाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत. घर डोक्यावर घेणारं पोर तेवढ्यानं गप्प होई. काय सांगता हो, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, ते माझं नि त्याचं आहे, तुम्ही वाटीतली साखर आणा.

त्यांची मुलगी तनुजा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवणारी बाई. भुताखेतांचं नाव काढलं तर हसायची. तिला लेक झाली, चिमी. चिमीचे कान कधी टोचायचे, म्हणून उद्धवराव सारखे मागे लागले होते. पण कधी लस आडवी आली, कधी ऑडिट, आणि एका सकाळी हातात चहाचा कप असतानाच उद्धवराव गेले. तनुजा खूप रडली. आजोबांचे ते शब्द चिमीला मिळाले नाहीत, याची रुखरुख तिला जाळत राहिली. ते शोधून काढायचे आणि आपणच लेकीच्या कानात सांगायचे, असं तिनं मनाशी धरलं.

सहा महिने गेले. आई, कौशल्याबाई, म्हणाली, शोकसभा नको, रडारड पुष्कळ झाली. त्यांच्याच सुईनं चिमीचे कान टोचू आणि त्यांनी ज्यांचे टोचले त्यांना जेवायला बोलावू. टोचायला तळेगावचा चुलतभाऊ गणराज आला. त्याचंही सराफीचं दुकान आहे आणि त्याचेही कान काकांनीच टोचलेले. रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. सगळे उद्धवरावांच्या फोटोकडे तोंड करून बसले होते, उघड्या दाराकडे पाठ. फोटोखाली भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसले होते ते एकटे मारुतराव, उद्धवरावांच्या पलटणीतले. त्यांना पाठीला आधार लागायचा.

आठवणी निघाल्या. बिगुल झाला की उद्धवराव मंगळसूत्र ओवताओवता ताठ बसायचे. गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचे, बाई, हार तुम्हाला हवाय की जावेला दाखवायला? लोक पोट धरून हसले.

मग तनुजानं विचारलं, बाबा कानात काय सांगायचे? आया एकमेकींकडे बघू लागल्या. शेजारी बसूनही कुणाला ऐकू आलं नव्हतं. कोपऱ्यातून आदिनाथ, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, चाचरत म्हणाला, मला माहितीय. सगळे त्याला हसले. अरे, तू तेव्हा पाळण्यात होतास.

"व्हय. आठवत न्हाई, पण माहितीय," तो म्हणाला. "थांबू नको. मागं बघू नको. मी हाय मागं."

हसू जागच्या जागी विरलं. त्याच्या शेजारची कांदा मार्केटातली बाई तेच शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत होती. पलीकडचा चाळिशीचा माणूसही. आणि तनुजाला कळलं, की पहिल्या दोन शब्दांनंतर पुढचं तिच्याही जिभेवर आपोआप आलं होतं.

ती घाबरली नाही. तिला खोदून खोदून विचारावंसं वाटलं. आदिनाथ म्हणाला, बस मागं घेताना मी नुसता आरशात बघतो, मान वळवत न्हाई, कधीच. का, ते माहीत न्हाई. बाई म्हणाली, शेतातनं एकटी येताना मागं पावलं वाजतात, मिठावर चालल्यासारखी करकर. भीती वाटत नाही, उलट धीर येतो. तनुजाला कंपनीचं पार्किंग आठवलं. तिथंही सेकंड शिफ्टनंतर तीच करकर यायची. खडी असेल, असं ती समजायची.

पण पार्किंगला काँक्रीट होतं.

मारुतरावांनी चष्मा काढून हातात घेतला.

"हे उद्धवचे शब्द न्हाईत, पोरी. आमी बर्फातनं खाली उतरत होतो. उद्धव माझ्या मागं, ज्योतीराम शेवटी. ज्योतीरामच सारखा हे म्हणत होता. एकदा उद्धवनं मागं वळून बघितलं."

"मग?"

"कुणी नव्हतं. ज्योतीराम आजवर सापडला न्हाई. पण खाली पोचेस्तोवर उद्धवला त्याचा आवाज येत होता."

गणराजनं सुई हातात घेतली होती. सांगणार का, असं त्यानं तनुजाला नजरेनंच विचारलं. चिमी तिच्या मांडीवर टाहो फोडत होती.

हे लेकीच्या मागं लावून द्यायचं? पण याच पावलांनी आपल्याला रोज घरी आणून सोडलं, हेही खरं. ती वाकली.

तिनं तोंडही उघडलं नव्हतं.

चिमी एकदम गप्प झाली. कुणी बोलत असावं तशी ऐकत राहिली. मग तिनं आईच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं आणि बोळकं पसरून हसली.

उंबऱ्यापाशी फरशीवर करकर वाजली. तनुजाच्या मानेला गार लागलं.

इतकी माणसं होती, पण एकानंही मान वळवली नाही. गणराजनं खाली बघतच सुई टोचली. चिमी रडली नाही.

मारुतराव दाराकडे बघत होते. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, दुखरा गुडघा हातानं उचलून बाजूला घेतला आणि शेजारी सतरंजीवर दोन माणसांपुरती जागा केली.