व्हॉल्व्हवरची फुली

शिकाऊपण सरल्यावर माझ्या हातून आजवर एकच चाक चुकलं, आणि त्याला कारण झाला एक चहाचा ग्लास.

अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण होता. पारोळ्याला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान. भर दुपारी एक तरुण चक्क सायकल खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. पुढच्या चाकाचा पार आठ झालेला. बाजारातून सुटलेली म्हैस आडवी आली, म्हणाला, आणि म्हशीला काही झालं नाही. माझ्या वडिलांना, निंबा मिस्तरींना, सगळं गाव आबा म्हणतं. आबांनी रिमवरून हात फिरवला, रिम गेली म्हणून सांगितलं, नव्या रिमवर स्पोक भरावे लागतील, तासभर बसा म्हणाले. मग चाक सोडवून त्यांनी ते गोणपाटाच्या पडद्याआड सरकवलं.

पडद्याआड मी होते.

ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासून आबांची नजर अधू झाली होती. पंक्चर काढणं, हवा भरणं, ब्रेक आवळणं हे ते हाताच्या सवयीने करत. पण चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे चाक गरगर फिरवून ते केसभर कुठे डुलतं ते बघायचं आणि त्या जागचा स्पोक चावीने आवळायचा, याला डोळे लागतात. ते डोळे माझे होते. लहानपणापासून आबांजवळ बसून शिकले होते. चाक पडद्याआड यायचं, सरळ होऊन बाहेर जायचं, आणि लोक म्हणायचे, निंबा मिस्तरीच्या हाताला तोड नाही. आबांची नजर गेली हे कळलं तर गिऱ्हाईक जाईल ही आबांची भीती. पोरीच्या नखांत ग्रीस असतं हे कळलं तर स्थळं जातील ही मायची. ती रोज संध्याकाळी माझे हात लिंबाने घासायची. मला विचाराल तर मला त्या पडद्याचा मनापासून राग यायचा.

त्या पडद्याला एक भोक होतं. त्यातून मी त्या म्हशीवाल्याला बघत होते. नुसतंच, काम करता करता.

समोरच्या टपरीवरून चहा आला. आबांचा ग्लास बाकाच्या त्या टोकाला ठेवला गेला, आणि आबांचा हात नेहमीसारखा हवेत चाचपडायला लागला. आता याला कळणार... पण त्याने बोलण्याच्या ओघात, आबांकडे न बघताच, तो ग्लास बोटाने हलकेच सरकवला. आबांच्या हाताखाली बरोबर आला. आबांनी चहा घेतला. तो म्हशीबद्दलच बोलत राहिला.

मी त्याच्याकडे बघत राहिले आणि हात आपले स्पोक भरत राहिले.

पुढच्या चाकाला बत्तीस स्पोक. हवा भरायचा व्हॉल्व्ह रिमच्या ज्या भोकातून येतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पोक एकमेकांपासून दूर गेले पाहिजेत, म्हणजे पंपाची नळी लावायला बोटांना जागा राहते. सुरुवातीलाच एक भोक चुकलं तर चाक सरळ होतं, मजबूत होतं, पण दोन स्पोक नेमके व्हॉल्व्हच्या डोक्यावर फुली मारून बसतात. शिकाऊ माणूस ही चूक पहिल्या महिन्यात करतो. मी अकराव्या वर्षी केली होती, नंतर कधीच नाही.

ट्यूब घातली, व्हॉल्व्ह वर आला, आणि मला ती फुली दिसली.

सगळे स्पोक सोडवून पुन्हा भरायचे तर आणखी तास. आबा बाहेरून घाई करत होते, व्हयनं का? मी माझ्या बारीक बोटांनी नळी कशीबशी आत घातली, हवा भरली आणि चाक बाहेर सरकवलं. आबांनी ते फिरवलं, स्पोकवरून एकदा बोटं फिरवली, आणि सायकलला बसवून दिलं. तो गेला. मला रात्री जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. आबा जेवायला घरी गेले होते, आणि ते नसताना हवा भरायला मी पुढे बसायचे. एवढं पोरीने केलेलं गावाला चालत होतं.

"हवा भरायची आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा पंप बसत नाही हो याला."

मी खाली मान घालून नळी लावायला बसले. तो उकिडवा बसून माझी बोटं बघत होता. नाव विचारलं, तर म्हणाला, बी. एस. बोरसे.

"बी म्हणजे?"

"ते... ऑफिसात बी. एस.च चालतं."

"आमचं ऑफिस नाहीये."

"भटू," तो एकदाचा म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मला इतकं हसू आलं की नळी निसटली आणि भरलेली हवा निघून गेली. पुन्हा भरावी लागली. त्याने अजिबात तक्रार केली नाही.

भटू हिवताप खात्यात हंगामी कामाला होता. सायकलवर गावोगाव जायचं, दारोदार विचारायचं, घरात कुणाला ताप आहे का, असेल तर बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि घर तपासलं म्हणून दारावर पेन्सिलीने तारीख टाकायची. नियम पंधरवड्यातून एकदा येण्याचा. आमच्या दुकानाच्या दाराच्या फळीवर श्रावण संपेतो सात तारखा झाल्या होत्या.

"ताप?" तो पेन्सिल काढून विचारायचा.

"नाही."

"थंडी वाजते?"

"नाही."

"जेवण जातं?"

"हे पण खातं विचारतं का?"

"नाही. हे मी विचारतोय."

शेजारच्या सुगंधाबाई, त्यांचं कंगव्या-बांगड्यांचं दुकान, एकदा मायला म्हणाल्या की पारोळ्यात या वर्षी हिवताप फार दिसतोय. मायला कळलं नाही. मला कळलं.

आणखीही एक गोष्ट मला कळली होती. एवढ्या वेळा हवा जाते म्हणून मी एकदा ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. एक बुडबुडा आला नाही. ट्यूब धड, व्हॉल्व्ह धड. म्हणजे हा पठ्ठ्या कोपऱ्यावर थांबून स्वतःच्या हाताने हवा सोडत होता. मी ट्यूब पुसून परत बसवली आणि सांगितलं, बारीक पंक्चर होतं, काढलं. तो म्हणाला, वाटलंच मला. दोघंही अगदी गंभीर चेहऱ्याने बोलत होतो.

मला तो आवडायला लागला होता. आवडायला लागला होता म्हणजे काय, पडद्याच्या त्या भोकाशी माझा डोळा सदाचा चिकटलेला असायचा. पण तो आला की आधी ती फुली दिसायची. मला कबूल करायचं होतं. पण चाक चुकलं म्हणायचं, तर ते मी भरलं हे सांगावं लागणार. मी का भरलं, हे सांगावं लागणार. आणि मग आबांच्या डोळ्यांचं गुपित उघडं पडणार. म्हणून दर वेळी मी गप्प बसून हवा भरत राहिले.

नवरात्र बसलं आणि तो म्हणाला की त्याचं काम संपलं. दसरा झाला की धुळ्याला, घरी.

"सायकल घेऊन?"

"घेऊन म्हणजे... तिच्यावरच जाणार."

मला त्याच्या जाण्याचं रडू यायला हवं होतं. ते आलंच, पण नंतर. आधी डोळ्यांपुढे आलं धुळं. धुळ्यात सायकलची ढीगभर दुकानं. तिथला कुणीही मिस्तरी हवा भरायला वाकेल, ती फुली बघेल आणि विचारेल, हे चाक कुणी भरलं हो? आणि भटू सांगेल, पारोळ्याच्या निंबा मिस्तरीने. चाळीस वर्षं आबांचं एक चाक परत आलं नव्हतं. माझ्या एका चुकीपायी त्यांच्या नावाचं हसं होणार होतं. मी ठरवलं, तो जायच्या आधी सांगायचं. मग जे व्हायचं ते होवो.

पण सांगायला तो भेटला ते थेट खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून पाटावर मांडतात. पान्हे, हातोडी, स्पोकची चावी, पंपसुद्धा. झेंडूची फुलं वाहतात, आणि ज्याचं हत्यार असेल त्याने त्याला कुंकू लावायचं. मग दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. मायने नैवेद्य आणला होता. सुगंधाबाई आणि आजूबाजूचे चार जण प्रसादाला जमले होते. तेवढ्यात भटू आला, सायकल हातात धरून. पुढचं चाक पार बसलेलं.

"अरे, आज हवा नाही मिळणार," कुणीतरी म्हणालं.

दुसरा कुणी असता तर पंपाकडे वळला असता, निदान विचारलं तरी असतं. भटूने न सांगता चपला बाहेर काढल्या, पाटापासून हातभर लांब उभं राहून नमस्कार केला, आणि पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून, सोडून पाटावर आमच्या हत्यारांशेजारी ठेवलं. पितळेचं, वापरून गुळगुळीत झालेलं. स्पोकची चावी होती ती.

आबांनी आवाज ऐकला. "कोनी शे हाई चावी?"

"मन्ही शे, आबा," भटू म्हणाला. ऑफिसची मराठी एकदम गळून पडली होती, आमची अहिराणीच बोलत होता. "नवमीले हत्यार परगावमा एकलं कसं ठेवानं? म्हनीसन आठेच आनं." परगावी हत्याराची पूजा एकटी नको, म्हणून इथे आणलं होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. धुळ्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. वडिलांचं, आता दोघा थोरल्या भावांचं. आठव्या वर्षापासून हा चाकं भरत होता.

म्हणजे ती फुली त्याला पहिल्याच दिवशी दिसली होती.

चार माणसांसमोर बोलायचं नाही असं ठरवलं असतं तरी मला राहवलं नसतं. "ते चाक चुकलंय," मी म्हणाले. "आबांनी नाही भरलं ते. मी भरलं. दोन वर्षं सगळीच चाकं मी भरते. बाकीची बरोबर आहेत. हे एकच..."

मायने पदर तोंडाला लावला.

"माहीत आहे," भटू हळूच म्हणाला. "पडद्याखालून बांगड्या दिसत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुरुस्त करून दिलं असतंत. मग मी कशाला आलो असतो?"

मला आबांकडे बघायची हिंमत होत नव्हती. चाळीस वर्षांचं नाव मी एका दमात सगळ्यांसमोर सांडून टाकलं होतं. पण आबाच बोलले, आणि रागाने नाही.

"मन्हा डोया गयात, कुंदा. बोटं नही गयात. त्या दिनलेच समजनं माले, चाक चुकनं म्हनीसन."

"मग दिलं कसं, आबा?"

"तुन्हा हात कधी चुकस नही," आबा म्हणाले. "म्हनलं, आज काबर चुकना ते तरी देखू."

सुगंधाबाई तोंड फिरवून हसल्या. मी कुठे बघावं मला कळेना. आबांनी चाचपडत कुंकवाचा करंडा उचलला. दर वर्षी आमच्या स्पोकच्या चावीला कुंकू तेच लावायचे. या वर्षी त्यांनी करंडा सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. मी चावीला कुंकू लावलं.

मग भटूने करंडा घेऊन आपल्या चावीला लावलं, आणि तसाच आबांसमोर बसला. धुळ्याचं दुकान दोघा भावांना पुरतं, म्हणाला. तिथं तिसऱ्याला काम नाही. इथं पुढे बसून पंक्चरं काढायला माणूस हवा असेल तर तो बसेल, गावातच खोली घेऊन राहील. चाकं कुंदाच भरेल. आणि कुंदा हो म्हणाली तर घरच्या माणसांना घेऊन रीतसर विचारायला येईल. एवढं बोलून त्याने माझ्याकडे बघितलं.

"फक्त तो पडदा..." तो म्हणाला. "आमच्या दुकानात पडदा नसतो."

मी उठले आणि गोणपाटाचा पडदा खिळ्यांवरून ओढून काढला. धूळ उडाली, मायला ठसका लागला. ठसका थांबल्यावर ती म्हणाली, पोराला जेवायला तरी वाढा.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवली, आणि मी ओट्यावर बसले, भर रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. ते चाक सोडवलं. बत्तीसच्या बत्तीस स्पोक पुन्हा भरले. भटू एकेक स्पोक हातात देत होता आणि एक शब्द बोलत नव्हता, जरी त्याचे हात शिवशिवताना दिसत होते. सोनं द्यायला निघालेली माणसं थांबून बघत होती. एकाने आबांना विचारलं, पोरगी चाक भरते? आबा म्हणाले, दोन वरीसपाईन तुन्हं बी तीच भरस. तो माणूस आपल्या सायकलकडे बघत बघत गेला.

चाक झालं. आबांनी स्पोकवरून बोटं फिरवली, ती व्हॉल्व्हपाशी थांबली, पुढे गेली. बराबर शे, म्हणाले.

"आता कुणाचाही पंप बसेल," मी भटूला म्हणाले.

"बसू दे की," तो म्हणाला.

धुळ्याला निघताना त्याने सवयीने खिशातून पेन्सिल काढली आणि फळीसमोर उभा राहिला. त्या दिवसाची तारीख टाकेल असं मला वाटलं. आजवर त्याने येऊन गेल्याच्याच तारखा लिहिल्या होत्या. ही बारा दिवस पुढची होती. घरच्यांना घेऊन यायची.

"नक्की?" मी विचारलं.

"तपासून घ्या," तो म्हणाला, आणि सायकलवर बसला. वळणापर्यंत मी त्याचं पुढचं चाक बघत होते. केसभरही डुलत नव्हतं.

तो एक दिवस आधीच आला, एकटा. घरची माणसं उद्याच्या बसने येणार होती. मी वाकून टायर दाबून पाहिलं. हवा काठोकाठ भरलेली होती.

मग कशाला आलात, असं मी विचारलंच नाही.