दगडाला दिलेलं नाव

हसू नका, पण दाराबाहेरून कुणी “कोण आहे?” म्हणालं, तर मी आजही नाव सांगत नाही.

पोलीस ॲक्शनला चार वर्षं झाली होती. मी मोजणी कारकून. चितेगावच्या बाजूचा एक माळ तिथल्या बद्रीनाथ नावाच्या बागायतदाराच्या नावे लावायचा म्हणून औरंगाबादहून गेलो होतो. त्या माळावर पुरुषभर उंचीचे दगड उभे होते. कुणी, कधी रोवले, कुणालाच ठाऊक नाही. धनगरांत माणूस गेला की त्यातला एक दगड त्याला देत. एकानं दगडाआडून “कोन हाय?” विचारायचं, दुसऱ्यानं मेलेल्याचं नाव सांगायचं, मग शेंदूर लावायचा. सकाळी मला पाणी देताना माळावरच्याच एका धनगरणीनं, सुगंधाबाईनं, हे सांगितलं.

“तुमच्या मालकांचा दगड कुठला?” मी नको ते विचारून बसलो.

“माज्या धन्याला, सोनाजीला, नाय दिला. मेला का जिता, कुनी सांगंना. त्या गडबडीत बद्रीनाथनं चिडल्या लोकांला त्येचं नाव सांगितलं, रझाकाराचा मानूस म्हून. लई खोटं. नेला त्यो नेलाच.”

दुपारी बद्रीनाथ आला. दगड उपटून विहिरीला लावणार म्हणाला. ऊन मी म्हणत होतं. वारा पार पडला होता आणि कुठून तरी शेंदराचा तेलकट वास येत होता.

एका कोऱ्या दगडाआडून आवाज आला. “कोन हाय?”

मला कळलं. मी तोंड उघडेपर्यंत तो खेकसलाच, “मी बद्रीनाथ! मालक हितला!”

दगडाआडून शेंदरानं माखलेला हात आला. सावकाश वरून खाली फिरला.

मागोमाग सुगंधाबाई दगडाआडून पुढं आली. “त्येचं नाव तू सांगितलंस... आता तुझं बी तूच.”

बद्रीनाथ हसायला लागला. हसता हसताच गुडघ्यांवर बसला आणि उठला नाही. वैद्यांनी ऊन लागलं म्हणून सांगितल्याचं मागाहून ऐकलं. खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. भीती मात्र वाटली, कारण बाईनं शेंदराचा हात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं होतं.

“त्येच्या नावावर माळ लिवनारे तुमी... तुमी कोन?”

मी दप्तर तिथंच टाकून पळालो. दप्तरावर माझं नाव होतं. बाईला वाचता येत नव्हतं, यावरच इतकी वर्षं काढली.

बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण या आठवड्यात रोज दुपारी दाराबाहेर कुणीतरी एकेक अक्षर जुळवून वाचतंय... काल आडनावापर्यंत आलं होतं.